निळ्या पट्ट्याची हौस

मॅडमना घरात फॅशन करायची आहे, यावर इमारतीत कोणाचाच विश्वास बसला नाही. बसणार तरी कसा? मॅडम पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. चष्म्याची फ्रेम कॉलेजपासून एकच, पर्स एकच, आणि घराच्या भिंती राहायला आल्या दिवसापासून पांढऱ्या. त्याही आवड म्हणून नव्हे, तर पांढऱ्यावर कोळिष्टक लगेच दिसतं म्हणून. मागे सोसायटीच्या कमिटीने फाटकाला सोनेरी रंग द्यायचं ठरवलं, तेव्हा "फाटकाचं काम उघडणं आणि मिटणं. त्यात सोनेरी कुठे बसतं?" असं विचारून त्यांनीच तो बेत हाणून पाडला होता. सेक्रेटरींच्या मनात ते सोनेरी फाटक अजून सलत होतं. त्याची फळं पुढे मिळालीच.

अशा बाईने एका सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "मला भिंतीवर पट्टा मारून हवाय. गडद निळा. खोलीपासून बाथरूमपर्यंत."

नवऱ्याला सगळे 'मॅडमचे मिस्टर' म्हणत, पुढे पुढे नुसतेच मिस्टर. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं. "कशासाठी?"

"हौस."

मिस्टरांनी उठून बायकोच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ते पुन्हा बसले, पण वर्तमानपत्र उलटं धरून.

खरं कारण मॅडमनी सांगितलं नाही, कारण मिस्टर माणूस सोन्यासारखे, फक्त पोटात काही राहत नाही. त्यांना सांगितलं की ते फोनवर आईला सांगणार. आणि आईला कळलं की सगळंच मुसळ केरात.

कारण आईच तर होत्या. सासूबाईंच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसे, नेमकं समोरचं पुसलेलं. "मला माणसांचे कान दिसतात, तोंड दिसत नाही," त्या म्हणत. "फारसं काही बिघडलेलं नाही." डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला ऑपरेशन नाही. फिक्यावर गडद असलं तर त्यांना कळेल, पांढऱ्यावर पांढरं कळणार नाही. सासूबाई आपल्या दोन खोल्यांत एकट्या राहत. तिथली प्रत्येक वस्तू त्यांच्या हाताला पाठ होती. पण मध्यंतरी उकळत्या किटलीवर हात पडून भाजला, आणि मुलाच्या फार आग्रहावरून त्या यायला तयार झाल्या. तयार म्हणजे काय, तर "चार दिवस बघते." वर एक अट. "मला कोणी हाताला धरून बाथरूमला नेलं, की त्याच दिवशी मी बॅग भरणार. मी माणूस आहे, हातगाडी नाही."

त्या परत गेल्या तर पुन्हा तीच किटली. मॅडमच्या डोळ्यांसमोर रात्रंदिवस ती किटली उकळत होती.

आणखी एक गोष्ट होती. लग्न झालं तेव्हा मॅडमचं शेवटच्या वर्षाचं शिक्षण उरलं होतं आणि घर पाहुण्यांनी गजबजलेलं. सासूबाई त्यांना आतल्या खोलीत पुस्तकांसकट कोंडत, दाराबाहेर स्टूल टाकून बसत आणि येईल त्याला सांगत, "आत नका जाऊ. सुनेचं डोकं दुखतंय, पडलीय जरा." अख्खं वर्ष हे डोकं दुखलं. पहिल्या वर्गाचा निकाल लागला आणि डोकेदुखी थांबली. नातेवाइकांत मात्र मॅडम कायमच्या डोकेदुखीवाल्या झाल्या. अजूनही कोणी भेटलं की आधी डोक्याची चौकशी करतं. सासूबाईंनी स्वतः होऊन याचा उल्लेख कधी केला नाही, आणि मॅडमनाही नीट आभार मानायला जमलं नव्हतं. आता आभार मानायचे तर ते तशाच एका चोख थापेने मानावेत, असं त्यांनी ठरवलं. पट्टा आधारासाठी नाही. पट्टा म्हणजे फॅशन.

मिस्टरांनी रंगारी आणला. त्याला सगळे उस्ताद म्हणत आणि तोही स्वतःला उस्तादच म्हणे. येताना त्याने नमुन्यांची जाडजूड फळी काखेत मारून आणली होती. वाळूचं फिनिश, स्पंजचं फिनिश, चुरगळलेल्या पिशवीचं फिनिश, फणीचं फिनिश, आणि एक असं, की जे पाहून मॅडमना ओल आलेली भिंत आठवली.

"हे आपलं खास," उस्ताद त्या ओलीवर बोट ठेवून म्हणाला. "आडनावसुद्धा विसरतो माणूस हे बघून."

"मला एक पट्टा हवाय," मॅडम म्हणाल्या. "हाताच्या पंजाएवढा रुंद. पलंगापासून निघून खोलीच्या दारातून बोळकांडीतून बाथरूमच्या दारापर्यंत. बाकी भिंत पांढरीच."

उस्तादने फळी बाजूला ठेवली. त्याचा चेहरा असा झाला, जणू पक्वान्नं रांधणाऱ्याला कोणी पाणी गरम करायला सांगितलं. "मॅडम, रागावू नका. असा पट्टा दवाखान्यात असतो. पेशंटला रस्ता दाखवायला."

मॅडम चपापल्या. आल्या आल्या पहिल्या माणसाने ओळखलं! म्हणजे सासूबाई तर पायताण काढायच्या आत ओळखणार. शास्त्र शिकलेल्या माणसाला एक सवय असते, अडचण आली की तो तिचं विश्लेषण करतो. मॅडमनी केलं. एकच पट्टा म्हणजे उपयोग. उपयोग लपवायचा तर शेजारी निरुपयोगी पट्टे हवेत. पट्टे जितके निरुपयोगी, तितकी हौस जास्त.

"मग त्याच्यावर दोन बारीक मारा," त्या म्हणाल्या. "एक राखाडी, एक पिवळा. आणि समोरच्या भिंतीवर उभे."

"उभे किती?"

"तुम्हाला आवडतील तितके."

उस्ताद खुलला. मिस्टर मात्र स्वयंपाकघरात जाऊन एक ग्लास पाणी प्यायले.

आता घरात रंग काढायचा तर सोसायटीची परवानगी लागते. अर्जात 'कामाचे कारण' असा रकाना असतो. मॅडमनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि लिहिलं : सौंदर्य.

सेक्रेटरींनी तो शब्द आधी मनात वाचला, मग मोठ्याने वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. "मॅडम," ते अतिशय हळुवारपणे म्हणाले, "पट्ट्याचं काम काय असतं?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"फाटकाचं काम उघडणं आणि मिटणं असतं, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. तसं पट्ट्याचं काय काम?"

"शोभा," मॅडम म्हणाल्या. आयुष्यात हा शब्द त्यांनी प्रथमच पुढे 'झाली' न लावता वापरला होता.

"नकाशा आणून द्या," सेक्रेटरी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सोनेरी रंग चढला होता.

मॅडमनी आलेखाच्या कागदावर टोकदार पेन्सिलीने नकाशा काढला. प्रमाण, दिशा, खिडक्या, सगळं जागच्या जागी. आणि तिथेच फसल्या. एवढा चोख नकाशा नुसत्या रंगासाठी कोण काढेल? सेक्रेटरींची खात्री पटली की बाई भिंत पाडणार. त्यांनी तपासणीसाठी खालच्या काकांना पाठवलं. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला काही मिळालं नव्हतं, त्यामुळे ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. प्रत्येक भिंत त्यांनी बोटाच्या पेराने ठोकली, कान लावून ऐकली, आणि चहा झाल्यावर निर्णय दिला. "भिंत जागेवर आहे. पण पट्टे आडवे नकोत, उभे मारा. खोली उंच दिसते."

"आणि माणसं बुटकी," समोरच्या वहिनी म्हणाल्या. त्या समोरच्याच दारात राहत, पण मॅडमच्या घरातल्या प्रत्येक चर्चेला आधीपासून हजर असल्यासारख्या मधूनच सुरू होत. इमारतीतली कुठलीही बातमी वहिनींच्या कानात गेली की जिन्याने उतरायच्या आधी गच्चीवर पोचत असे. "मी सांगते, पट्टेच नकोत. माझ्या जावेने मारले होते. नवरा सहा महिने तिरपी मान करून जेवायचा."

"कशामुळे?" काकांनी विचारलं.

"पट्टे मोजायचा हो!"

मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. बारा वर्षं पाण्यातले सूक्ष्म जंतू शोधून त्यांनी जी प्रतिष्ठा कमावली होती, ती एका पट्ट्यापायी वाहून चालली होती. प्रयोगशाळेतसुद्धा कोणीतरी हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" त्यांनी ठीक म्हणून सांगितलं आणि येताना तिथल्या भांडारप्रमुखांना रीतसर विचारून लांब पारदर्शक नळी घरी आणली.

कारण उस्ताद रेषा डोळ्यांनी मारणार होता. "आपल्या डोळ्यात पाणसळ आहे," तो म्हणाला. मॅडमचा डोळ्यांवरचा विश्वास, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या, बेताचा. त्यांनी नळीत रंगीत पाणी भरलं, एक टोक मिस्टरांच्या हातात देऊन त्यांना पलंगावर उभं केलं आणि दुसरं टोक घेऊन आपण बाथरूमच्या दाराशी गेल्या. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीत येऊन थांबतं. त्याला ना कमिटी लागते ना उस्ताद. जिथे पाणी थांबलं तिथे त्यांनी खूण केली. अशा खुणा जोडत जोडत भिंतीवर एक रेषा उतरली, जिच्यात खोट काढायला खुद्द पृथ्वीला जागा नव्हती.

उस्तादने रेषेच्या वर-खाली चिकटपट्टी लावली आणि निळ्याचा हात मारला. वाळल्यावर चिकटपट्टी ओढली, तर तिच्याबरोबर भिंतीचा पांढरा पापुद्रा आला. थोडा नाही, पोळीसारखा आला.

"ही भिंतीची चूक आहे," उस्ताद म्हणाला.

"बरोबर. तुम्ही तिला विचारून ओढायला हवी होती," मॅडम म्हणाल्या.

पापुद्रा निघाला तिथे लांबीचा लगदा भरला, घासला, पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा निळा. आता चिकटपट्टी शहाण्यासारखी सुटली, पण तिच्याखालून निळ्याने पाय पसरले होते. कड कुरतडल्यासारखी झाली. ती झाकायला कडेकडेने जाड हात, आणि त्याच्यावर आणखी एक. मिस्टर कोपऱ्यात उभे राहून हे बघत. एकदा ते एवढंच म्हणाले, "हा पट्टा जाड होत चाललाय का आपण बारीक होत चाललोय?"

शेवटी पट्टा झाला, त्याच्यावरचे दोन बारीक आणि समोरचे उभेही झाले. सगळे बघायला आले. बघितल्याबरोबर वहिनींनी डोकं कलतं केलं. मग काकांनी केलं. मग सेक्रेटरींनी.

"वर चढतोय," वहिनी म्हणाल्या.

आणि खरंच, पलंगापासून निघालेला पट्टा बाथरूमकडे जाताना हळूहळू आभाळाकडे निघाला होता. मॅडमनी नळी लावली. पाणी म्हणालं, पट्टा आडवा. डोळे म्हणाले, वाकडा. उस्ताद हाताची घडी घालून उभा होता.

काकांनी खिशातून गोळी काढली. पेपरमिंटची. फरशीवर ठेवली. गोळी क्षणभर थबकली आणि आपली आपण बाथरूमच्या दिशेने चालू लागली. "पट्टा सरळ आहे," काका गंभीरपणे म्हणाले. "घर वाकडं आहे."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. ते वहिनींच्या समक्ष तर मुळीच बोलायला नको होतं. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या घराघरांत फरशीवर लाटणी घरंगळत होती. वरच्या मजल्यावरच्यांचं पलंगाखाली गेलं. गच्चीलगतच्या आजोबांचं जागचं हललंच नाही, म्हणून ते जास्त घाबरले. कोणी म्हणालं इमारत पूर्वेला कलली, कोणी म्हणालं पश्चिमेला, आणि दोघांनी एकमेकांना लाटणी दाखवली. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. "हा पट्टा मारेपर्यंत," ते म्हणाले, "ही इमारत सरळ होती."

मॅडम उभ्या राहिल्या. पट्ट्याने फक्त मोजमाप केलं, बदल काही केला नाही, असं त्यांनी सांगितलं. ते कोणाला पटलं नाही. शास्त्राचं हे नेहमीचंच आहे. सभा वाचवली ती काकांनी. त्यांनी सांगितलं की इमारत ठणठणीत आहे. बोळकांडीला बाथरूमकडे मुद्दामच उतार दिलेला असतो, नाहीतर सांडलेलं पाणी बैठकीच्या खोलीत येऊन बसेल. "मगाशी मी जरा नाट्यपूर्ण बोललो," ते म्हणाले. लोक लाटणी घेऊन घरी गेले. सेक्रेटरी जाता जाता मॅडमना म्हणाले, "सौंदर्याने किती खर्च होतो बघितलंत ना? मनुष्यबळाचा."

सासूबाई यायला आता उद्याचा दिवस काय तो मध्ये होता. मॅडमनी रजा टाकली. मिस्टर कामाला गेल्यावर त्यांनी डोळ्यांवर घट्ट ओढणी बांधली आणि पलंगावरून उठून भिंतीला हात लावला. प्रयोग केल्याशिवाय कुठलीही वस्तू वापरायला द्यायची नाही, हा त्यांचा नियमच होता. जाडावलेली कड बोटांना छान लागली. त्या चालू लागल्या. दार ओलांडलं. बोळकांडीत आल्या. आणि मध्येच कड हातातून सुटली. चाचपलं, तर नुसती भिंत. पुन्हा चाचपलं. पट्टा होता, पण वीतभर वर. हात सहज जिथे पडतो तिथून निसटून तो आपल्या सत्याच्या वाटेने निघून गेला होता.

मॅडम तिथेच थांबल्या. ओढणीच्या आत त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. त्यांनी पट्टा पृथ्वीला समांतर मारला होता. पण सासूबाई पृथ्वीवर चालणार नव्हत्या, फरशीवर चालणार होत्या! शिवाय उंचीचं माप घेतलं होतं स्वतःच्या हाताचं. आणि सासूबाई त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. इतका अचूक आणि इतका बिनकामाचा पट्टा जगात दुसरा नसेल.

"मॅडम?"

वास जावा म्हणून दार उघडं होतं. दारात वहिनी उभ्या होत्या. समोर, भर दुपारी, डोळ्यांना ओढणी बांधून भिंतीला हात लावलेल्या मॅडम.

"रंगाचा वास," मॅडम ओढणी न सोडताच म्हणाल्या. "डोळ्यांना झोंबतो."

वहिनी काही बोलल्या नाहीत. वहिनी बोलत नाहीत ही इतकी अनोळखी परिस्थिती होती की मॅडमनी ओढणी खाली ओढली. वहिनी पट्ट्याकडे बघत होत्या. त्यांची नजर पलंगापासून निघाली, दारातून वळली आणि बाथरूमपाशी येऊन थांबली. मागच्या खेपेला सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना पेल्याशेजारी पाणी ओतताना वहिनींनी पाहिलं होतं.

"आई परवा येणार ना?" वहिनींनी विचारलं.

"हो."

"त्यांना माहितेय? हे?"

"ही फॅशन आहे," मॅडम म्हणाल्या.

"फॅशनच आहे," वहिनी लगेच म्हणाल्या. "मी कुठे काय म्हटलं?" मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि आत आल्या. "तुम्ही ताडमाड. तुमच्या मापाचं त्यांना काय होणार? त्या माझ्याएवढ्या आहेत. आम्ही दोघी फडताळाला हात पोचत नाही म्हणून एकदा बरोबर हसलो होतो. द्या ती ओढणी. आणि खडू आहे का घरात?"

खडू होता. निळ्या खडूने बोटं माखून, डोळे बांधून वहिनी पलंगावरून उठल्या आणि हात जिथे आपसूक पडेल तिथे टेकवत बाथरूमपर्यंत चालत गेल्या. भिंतीवर एक रेषा उमटली. ती सरळ नव्हती. दाराशी जरा खाली झुकली होती, कारण वळताना माणूस झुकतो. मॅडमनी नळी गुंडाळून पिशवीत ठेवली.

उस्तादला बोलावलं. त्याने खडूची रेषा पाहिली. "ही आडवी आहे?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "बरोबर आहे."

"आणि जुन्या पट्ट्यांचं काय? पांढऱ्याखालून निळा डोकावणार. झाकायला वाळूचं फिनिशच लागेल," तो म्हणाला, आणि नकार ऐकायची तयारी ठेवून नमुन्यांच्या फळीकडे बघू लागला.

"काढा," मॅडम म्हणाल्या. "पांढरं. पट्ट्याच्या वर सगळीकडे खरखरीत. आणि पट्ट्यात... ते फणीचं काय होतं? लांबच्या लांब रेघा उठतात ते?"

उस्ताद क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, बाईला अखेर कला समजली. तो बाहीवरून डोळे पुसून कामाला लागला आणि दुसऱ्या दिवशी उजेड मावळेपर्यंत थांबला नाही. वरची भिंत वाळूसारखी झाली आणि तिच्याखाली गुळगुळीत, गडद, रेघारेघांचा पट्टा. हात वर कुठेही पडला तरी खरखर संपेपर्यंत खाली आणायचा, की रस्ता हाती लागे. वाया गेलेल्या पट्ट्याचे सगळे थर त्या खरखरीखाली गाडले गेले होते. वहिनींनी दोनदा डोळे मिटून चालून पाहिलं. आणि आश्चर्य असं, की गच्चीवर ही बातमी पोचली नाही. जिन्यावरसुद्धा पोचली नाही. दुसरीकडे वहिनी सगळ्यांना रंगवून सांगत होत्या, "मॅडमच्या डोक्यात काय शिरलंय कोण जाणे, आता भिंतींवर फणी फिरवतायत." मॅडमनी ते ऐकलं आणि आपली निंदा ऐकून त्यांना इतकं भरून आलं, की जिन्यातच चष्मा पुसावा लागला.

त्याच संध्याकाळी मिस्टर दोन मोठ्या पिशव्या घेऊन आले. पिशवीतून निळी बादली निघाली. मग निळा मग, निळी साबणदाणी, निळं पायपुसणं, आणि कमोडला निळं झाकण. पांढऱ्याशुभ्र बाथरूममध्ये त्यांनी ते मांडलं. प्रत्येक वस्तू कशी ठळक उठून दिसत होती.

मॅडम दारात उभ्या राहिल्या. मग त्यांचं लक्ष बोळकांडीकडे गेलं. पट्ट्याच्या वाटेवरचा चपलांचा स्टँड हलला होता. कॅलेंडरचा खिळा उपटलेला होता आणि भोक लांबीने बुजवलेलं होतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"मॅचिंग," मिस्टर पायपुसण्याची घडी सारखी करत म्हणाले. "घरात फॅशन आहे ना?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"काय कळलं?" मिस्टर म्हणाले, आणि मग न राहवून, "उलटा पेपर वाचत होतो तेव्हाच. आईला मात्र बोललो नाही हां. अजून पोटातच आहे. दुखतंय."

सासूबाई आल्या. त्यांना भेटायला म्हणून वहिनी आल्या, काका इस्त्रीच्या शर्टात आले, आणि 'रंगकामाची अंतिम पाहणी' करायला सेक्रेटरीही आले. उस्ताद विसरलेला ब्रश न्यायला आला आणि तो सापडल्यावरही थांबला. चहा झाला. सासूबाईंनी सगळ्यांच्या कानांकडे बघत सगळ्यांची विचारपूस केली. मग कप खाली ठेवून त्या उठल्या.

"जाऊन येते," त्या म्हणाल्या.

मिस्टर अर्धे उठले. मॅडमनी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. आणि एकाएकी सगळे भलतंच बोलू लागले. काका सिमेंटबद्दल, वहिनी जावेबद्दल, सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, सगळ्यांचे कान बोळकांडीत. सासूबाईंचा हात खरखरीत भिंतीवर पडला, खाली सरकला आणि थांबला. बोटं रेघांवरून एकदा पुढे गेली, एकदा मागे आली. मग त्या चालू लागल्या. थांबल्या नाहीत, चाचपलं नाही. दाराशी हात जरासा झुकला, तिथे पट्टाही झुकला. बाथरूमचं दार लागलं. कडी वाजली.

सेक्रेटरींचं टाकीबद्दलचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. काकांनी खिशातली पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली.

"जिन्याचं काय?" सेक्रेटरी घसा साफ करून हळूच म्हणाले. "जिन्यालाही जरा... बरं दिसेल. अर्ज द्या मॅडम. कारण तेच लिहा, सौंदर्य."

त्या एका वाक्यावर मॅडमनी त्यांचं सोनेरी फाटक मनातल्या मनात मंजूर करून टाकलं.

सासूबाई परत आल्या, आपल्या आपण खुर्चीवर बसल्या. "भिंतीला काय केलंस ग हे?"

"फॅशन, आई."

"हं." सासूबाईंनी पदर सारखा केला. "ही फॅशन स्वयंपाकघरात नाही का गेली?"

"नाही आई."

"मग न्या. अर्धवट फॅशन वाईट दिसते. सकाळचा चहा मी करत जाईन म्हणते." आणि जरा थांबून, "मात्र किटलीसुद्धा निळीच आणा. मॅचिंग."

मिस्टरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. त्यांची बहीण होती; आवाज एवढा खणखणीत, की खोलीभर ऐकू आला. पोचलीस का, जेवलीस का, आणि मग नेहमीचा प्रश्न : सुनेचं डोकं कसं आहे आता?

"डोकं ना?" सासूबाई म्हणाल्या. खुर्ची भिंतीलगतच होती. बोलता बोलता त्यांचा हात पट्ट्यावर गेला आणि रेघांवरून सावकाश फिरू लागला. "डोकं उत्तम आहे. आता बाईला पट्ट्यांचं वेड लागलंय. भिंती रंगवून ठेवल्यात सगळ्या... नाही ग, परत कशी येऊ? इथे लक्ष द्यायला कोणीतरी नको का?"